वाचून दाखवलेली लढाई

पांढुर्ण्याच्या आमच्या वस्तीत एका बाईबद्दल चाळीस वर्षांपासून एकच गोष्ट सांगितली जाते. तिचा एकुलता एक मुलगा इराकमध्ये वेल्डर होता. तिकडे लढाई चालू होती, त्याला परत यायचं होतं, पण पैशाच्या लोभापायी आईनं त्याला आणखी एक वर्ष थांबायला लावलं, आणि तो तिकडेच मेला. लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, अगदी मैतीला आलेल्या माणसांच्या तोंडूनही मी ही गोष्ट ऐकली आहे. मुलगा तिकडे मेला एवढं त्यात खरं आहे. आईनं त्याला थांबायला सांगितलं हेही खरं आहे. लोभाचं खरं नाही. ते खरं नाही हे माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरपालिकेत कारकून होतो आणि नोकरी सांभाळून खाजगी विद्यार्थी म्हणून राज्यशास्त्रात एम.ए. करत होतो. शेवटच्या वर्षाला आंतरराष्ट्रीय राजकारण आणि आंतरराष्ट्रीय अर्थव्यवहार असे दोन पेपर घेतले होते. ते का घेतले असं कोणी विचारलं तर मी मोठी मोठी कारणं द्यायचो. खरं कारण एवढंच की वस्तीत कोणी ते शिकलेलं नव्हतं. दिवसभर मी घरपट्टीच्या पावत्या फाडत असे आणि संध्याकाळी घरी येऊन कोणत्या देशानं कोणत्या देशाला कशासाठी कर्ज दिलं ते वाचत असे. त्या दोन कामांमधलं अंतर मला फार आवडायचं.

माझ्याबरोबर सौंसरच्या शाळेतला एक मास्तर हीच परीक्षा देत होता. तो शनिवारी शाळा सुटली की बसनं यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. दोघांत मिळून पुस्तक एकच, तेही नागपूरहून आणलेलं, इंग्रजी. उत्तरं लिहायची होती हिंदीत, कारण आमचा जिल्हा मध्य प्रदेशात. आणि डोकं चालायचं मराठीत. त्यामुळे आमची एक रीत पडली होती. मास्तर इंग्रजी परिच्छेद वाचायचा, मी तो मोठ्यानं मराठीत सांगायचो, आणि मग दोघं मिळून हिंदीत टिपण काढायचो. मधली मराठीची पायरी आम्ही एकदोनदा गाळून पाहिली, पण मग हिंदीत लिहिलेलं आमचं आम्हालाच कळेना.

या मोठ्यानं सांगण्याला हळूहळू ऐकणारे जमू लागले. आमची वस्ती बौद्धांची. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. एक जण वाचतो आणि दिवसभर राबून आलेली माणसं हात जोडून ऐकतात. ज्यांना अक्षर येत नाही त्यांचंही असं पुष्कळ वाचन झालेलं असतं. आमच्या खोलीतून जाड पुस्तकातलं काही मोठ्यानं सांगितलं जातंय म्हटल्यावर दोनचार माणसं ओट्यावर येऊन बसू लागली. समजो न समजो, बसायची.

एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी दारातूनच विचारलं, "काय वाचून राहिले जी?"

"डॉलर," मास्तर म्हणाला.

"या पोथीत आपला पांढुर्णा येते का कुठी?"

"येते न बाबा. शेवटच्या अध्यायात. तोवर बसा."

बाबा हसले आणि खरंच बसले.

ऐकायला येणाऱ्यांत आमच्या शेजारची मावशीही असायची. तीच ती बाई. हंगामात ती मंडीत संत्र्याच्या पेट्या भरायच्या कामाला जायची. तणस अंथरून, फळं निवडून, एकावर एक थर लावून. संध्याकाळी आली की तिच्या हातांना संत्र्याच्या सालीचा वास असायचा. नवरा लवकर गेलेला. मुलगा बोरगावला एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकला आणि नागपूरच्या एका एजंटामार्फत इराकमधल्या बांधकामावर गेला. तो मला भाऊ म्हणायचा. जाताना स्टेशनवर म्हणाला होता, "भाऊ, तुमी पुस्तकात पाहा, मी डोळ्यानं पाहून येतो. मंग ताळा करू."

मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र वाचून घ्यायचं तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, आणि मुलाला ते आवडत नव्हतं. म्हणून तो कॅसेट भरून पाठवायचा. सुट्टीवर येणाऱ्या कोणाच्या हातानं त्यानं एक टेपरेकॉर्डरही पाठवला होता. मावशीच्या घरी वीज नव्हती, तेव्हा तो आमच्याकडे ठेवलेला होता. तिकडून कोणी आलं की कॅसेट यायची, आमच्या खोलीत लागायची, आणि तोच माणूस परत निघायच्या आत मावशी तिच्या बोलण्यानं एक कॅसेट भरून द्यायची.

त्या वर्षी हिवाळ्यात मोहगावचा एक गवंडी सुट्टीवर आला आणि कॅसेट देऊन गेला. शनिवार होता. मास्तरही होता. मुलाचा आवाज नेहमीसारखा हसरा नव्हता.

"माय, माहा करार संपून राहिला. कंपनी म्हणते, अजून एक साल कर. इथून लढाई लांब हाय, पण आवाज येतात. मले त आता वापस यावं वाटते. पण लढाई थांबत असन त मंग एक साल काढून टाकतो, पुन्हा यायचं कामच नाही. तू भाऊले विचार. ते हेच शिकून राहिले. ते म्हणतीन तसं करतो."

कॅसेट थांबली. मावशी माझ्याकडे पाहत राहिली.

"सांगा मंग," ती म्हणाली. "या म्हणू का राहा म्हणू?"

मी लगेच 'ये' म्हणायला हवं होतं. त्याला एम.ए. लागत नव्हतं. पण मला पहिल्यांदाच कोणी जगाच्या राजकारणावर खरा प्रश्न विचारला होता, आणि त्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं मला कमीपणाचं वाटलं. मी म्हणालो, "दोन दिवस थांब मावशी. विचार करून सांगतो."

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही तेलाच्या राजकारणाचं प्रकरण घेतलं. त्यात पश्चिम आशियातल्या आधीच्या एका लढाईची हकीकत होती. ती लढाई होऊन आठनऊ वर्षं झाली होती. तिचं साल आम्हाला पाठ होतं, म्हणून ते कोणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. मास्तर वाचत गेला आणि मी सांगत गेलो. लढाई थांबली. सैन्यं मागे हटली. दोन्हीकडचे अधिकारी एका तंबूत बसले. तेलाचा भाव वाढला, तेलवाल्या देशांकडे इतका पैसा आला की ठेवायला जागा नाही, मोठमोठी बांधकामं निघाली, बाहेरून मजूर बोलावले गेले.

मावशी दाराशी येऊन बसलेली मी पाहिली होती. मधेच ती उठून गेली हेही पाहिलं. वाटलं, चुलीवर काही ठेवलं असेल.

सोमवारी संध्याकाळी ती कोरी कॅसेट घेऊन आली. मोहगावचा गवंडी दुसऱ्या दिवशी पांढुर्णा स्टेशनवरून गाडी धरणार होता. मी टेपरेकॉर्डर खाटेवर ठेवला, दोन बटणं एकदम दाबली आणि तिला हातानं खूण केली. ती नेहमीप्रमाणे मशीनच्या फार जवळ जाऊन, मुलगा आतच बसलाय अशी बोलू लागली. आधी गावचं सगळं. कोणाचं लग्न जमलं, कोणाची गाय व्याली, मोहगावची एक पोरगी तिनं त्याच्यासाठी पाहून ठेवली आहे. मग म्हणाली:

"अन् आयक बापा, लढाई थांबली. भाऊच्या घरी मोठ्या पुस्तकातून वाचून राहिले होते, मी आपल्या कानानं आयकलं. फौजा मांगं गेल्या. साहेब लोक तंबूत बसले. कामं बी निघून राहिले लय. तू राह्य एक साल. भेऊ नको. मंग आला की तुले जाऊच देत नाही."

माझं बोट बटणापाशी होतं. काय घोटाळा झाला ते मला त्याच क्षणी कळलं. बटण दाबायचं, 'मावशी, ती लढाई वेगळी' म्हणायचं, कॅसेट मागे फिरवायची, एवढंच काम होतं.

मी ते केलं नाही. का केलं नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तरातलं मूळचं किती आणि मागून जुळवलेलं किती तेही सांगता येत नाही. एक मात्र पक्कं आठवतं. त्या महिन्यात माझं एक मत तयार झालं होतं आणि त्यावर मी फार खूश होतो. लढाई पैशावर चालते. दोन्ही देशांचं तेल विकलं जाणं कमी झालं होतं, खजिने आटत होते, आणि ज्यांनी कर्ज द्यायचं ते देश बुडणाऱ्याला किती दिवस देणार? तेव्हा ही लढाई फार तर काही महिने चालेल. मास्तरासमोर मी हे दोनदा मांडलं होतं आणि त्यालाही ते पटलं होतं. मला वाटलं, मावशी म्हणते ते आज खरं नसेल, पण ही कॅसेट तिकडे पोचून करारावर सही होईपर्यंत खरं होईल. तिच्या चुकीला माझ्या अभ्यासाचा आधार आहे.

आणि तिचा चेहरा. तोही होता. पण मी चेहऱ्यावर सगळं ढकलणार नाही.

"सांगा न जी, तुमी बी सांगा त्याले," असं म्हणत तिनं मशीन माझ्याकडे सरकवलं.

मी म्हणालो, "कसा आहेस? मावशी म्हणते तसंच आहे. आता वातावरण निवळतं आहे. काळजी करू नको."

हे माझे शब्द. मावशीचं बोलणं त्यानं कदाचित आईचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. त्यानं विचारलं होतं मला.

गवंडी दुसऱ्या दिवशी गेला. लढाई थांबली नाही. पुढच्या महिनाभरात नागपूरच्या वर्तमानपत्रात रोज तिकडच्या नव्या बातम्या येऊ लागल्या. दुपारी कचेरीत पेपर आला की मी आधी तेच पान उघडायचो. शेवटी राहवेना, तेव्हा मी त्याला सरळ पत्र लिहिलं की माझी चूक झाली, तू निघून ये. ते पोचलं की नाही कळेना. पोस्टात विचारलं, तर पोस्टमास्तर म्हणाला, "अहो, तिकडे गोळे पडून राहिले, तुमी डाकेचं काय विचारता?" नागपूरला जाऊन त्या एजंटाचं ऑफिस शोधलं. तिथे कुलूप होतं आणि खालचा पानवाला म्हणाला, असे विचारणारे रोज येतात.

उन्हाळ्यात पुढची कॅसेट आली. मावशी आणि मी ऐकायला बसलो. मुलाचा आवाज आता हसरा होता, आणि तेच जास्त झोंबलं.

"भाऊ, तुमचं पत्र भेटलं. तुमची लढाई थांबली, आमची काही थांबली नाही बावा! जाऊ द्या. सही होऊन गेली, पासपोर्ट कंपनीजवळ जमा हाय. सालभर कुठी निघता येत नाही. माय, तू भेऊ नको. आमचं काम लढाईपासून दूर हाय."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी त वाचलं होतं न, थांबली म्हणून?"

"मावशी, ती दुसरी लढाई होती. जुनी. पुस्तकातली."

"दुसरी?" तिनं टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. मग म्हणाली, "किती लढाया हायत तिथी?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. खरंच माहिती म्हणून विचारलं होतं. मग तिनं दुसरं विचारलं. "अन् मी मशीनमंधी बोलली, तवा तुमाले मालूम होतं?"

"होतं."

ती उठली, पदर झटकला आणि घरी गेली.

पण येणं तिनं थांबवलं नाही. पुढचे काही महिने ती रोज सकाळी कामावर जायच्या आधी माझ्या खोलीशी थांबायची आणि एवढंच विचारायची, "काय म्हणते?" मी रेडिओवर ऐकलेलं सांगायचो. कोणतं शहर, कोणती नदी, कोणत्या देशानं कोणाला विमानं दिली. नकाशात दाखवायचो. त्या नकाशातल्या प्रत्येक देशाची राजधानी आणि चलन मला येत होतं. तिचा मुलगा त्यातल्या कोणत्या ठिपक्यापाशी आहे आणि आज सकाळी जेवला की नाही, ते मला सांगता येत नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं.

त्याच वर्षात मी छिंदवाड्याला जाऊन परीक्षा दिली. तेल आणि युद्धखर्चावर प्रश्न आला होता. मी माझं तेच मत लिहिलं, की पैशाअभावी ही लढाई लवकर संपेल. तोपर्यंत ते चुकत चाललेलं मला दिसत होतं, तरी उत्तर पाठ होतं म्हणून लिहिलं. त्या पेपरात मला चांगले गुण मिळाले. लढाई पुढे दशक संपत येईपर्यंत चालली.

मुलगा मात्र लढाईत मेला नाही. वाढीव वर्ष निम्मं झालं असताना तो कामावर उंच सांगाड्यावरून पडला. कंपनीची तार आली. माती तिकडेच झाली. त्याच्या सामानाची एक पेटी तेवढी आली, तीही पुष्कळ दिवसांनी. काही काळ मी त्या पडण्याचा आधार घेतला. मनाशी म्हणायचो, गोळ्यानं तर गेला नाही, माझ्या बोलण्याचा काय संबंध? माणूस बोरगावलाही सांगाड्यावरून पडतो. हा युक्तिवादही चांगला होता. पण मुलगा तिथे त्या दिवशी माझ्या सांगण्यावरून उभा होता, एवढ्यापाशी तो युक्तिवाद थांबायचा.

कंपनीकडून मावशीला काही पैसे मिळाले. तिनं कुडाच्या जागी विटांच्या भिंती घातल्या, वर स्लॅब टाकला. आणि बोलणं सुरू झालं. मोहगावच्या गवंड्यानं कधीतरी सांगितलं होतं की आईनंच राहायला सांगितलं. तेवढं पुरलं. मंडीत बायका तिच्या पाठीमागे म्हणू लागल्या, "पोट्टा इकून सिलाप टाकला." पोरगा विकून स्लॅब टाकला, हे पुढे तोंडावरही म्हणू लागल्या.

मी एकदा तिच्याकडे गेलो. म्हणालो, "मावशी, मी सांगतो सगळ्यांना. विहारात उभा राहून सांगतो, काय झालं ते."

ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"कायले?"

"लोक तुझ्यावर आळ घेतात म्हणून."

"लोक आताच म्हणतात, शिकून काय होते," ती म्हणाली. "कापसाले नेतात पोट्ट्यायले शाळेतून काढून. तुमी एक शिकले वस्तीत. तुमचंच असं झालं म्हटलं त राह्यलेले बी काढतीन. जा तुमी. बोलू नका."

"पण खरं काय ते..."

"मले मालूम हाय न खरं. तुमाले मालूम हाय. बस झालं."

मी गेलो आणि बोललो नाही. तिनं मना केलं म्हणून बोललो नाही, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो. मला ते सोयीचं होतं. पुढे मी कॉलेजात प्राध्यापक झालो, तोच विषय शिकवला. तेलाचं प्रकरण दरवर्षी यायचं. मी वर्गात पहिल्या वाक्यालाच साल सांगायचो, पुन्हा पुन्हा सांगायचो. मुलं हसायची. वस्तीतली बरीच मुलं शिकली. माझं नाव सांगून बाप पोरांना शाळेत घालायचे. मावशी मंडीत पेट्या भरत राहिली आणि वय झालं तशी घरी बसली. मी भेटायला गेलो की चहा करायची. तो विषय आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी ती गेली. सौंसरचा मास्तर तिच्या आधीच गेला होता. तिच्या पुण्यानुमोदनाला विहारात बरेच लोक आले होते. वस्तीतला जुना माणूस आणि सर म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मी ठरवून गेलो होतो. आता तिची मनाई लागू नव्हती आणि पोरांना शाळेतून काढणारंही वस्तीत कोणी उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. पुस्तक, दाराशी बसलेली मावशी, कॅसेट, माझं बोट, माझे शब्द. काही गाळलं नाही. साल आधी सांगितलं.

माझं बोलून झालं. मग समोरचा एक जण, माझाच जुना विद्यार्थी, आता बँकेत आहे, डोळे पुसत उभा राहिला आणि म्हणाला, "बघा, सर किती मोठ्या मनाचे. मेलेल्या बाईचा दोष आपल्या अंगावर घेऊन राहिले."

लोकांनी माना हलवल्या. मागून एका बाईचा आवाज आला, "सर, तुमी कायले घेता जी आपल्यावर? तिचा मोह साऱ्या वस्तीले मालूम हाय. पण तुमी बोलले, तिच्या आत्म्याले बरं वाटलं असन."

मी म्हणालो, "अहो, मी खरं सांगतोय." पुन्हा म्हणालो. "मी स्वतः बोललो त्या कॅसेटवर." त्यांनी ते माझ्या नेहमीच्या नम्रपणात जमा केलं. जितकं जोर देऊन सांगावं तितका मी त्यांना मोठा दिसत होतो आणि मावशी तेवढीच लहान होत होती. हे समोर होताना दिसत होतं. आयुष्यभर त्यांना मी इतका विश्वासार्ह वाटत आलो होतो की माझ्याविरुद्धची माझी साक्षसुद्धा ते मान्य करीनात.

बँकेतल्या विद्यार्थ्यानं पुढे येऊन माझ्या हातातला माइक हळूच काढून घेतला, मला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं आणि कोणाला तरी म्हणाला, "सरायले पानी आन रे." भंतेजींनी वंदना सुरू केली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.